फोटोच्या कडेला उभा पोर्टर

जुन्या रेल्वे-फोटोंचा मुरलेला शौकीन फोटो हातात आला की आधी तो उलटा करतो. इंजिन काही पळून जात नाही. ते नंतरही पाहता येतं. ब्रिटनमध्ये गावोगावी रेल्वेप्रेमींच्या मंडळांचे मेळावे भरतात. एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात टेबलं मांडलेली असतात आणि त्यांवरच्या खोक्यांत पोस्टकार्डाएवढे कृष्णधवल फोटो ओळीने उभे लावलेले असतात. येणारे जाणारे बोटांच्या टोकांनी ते चाळत राहतात, मधूनच एखादा उपसून काढतात आणि त्याची पाठ वाचतात. पाठीवर पेन्सिलीची बारीक अक्षरं असतात. इंजिनाचा क्रमांक, स्टेशनचं नाव, तारीख, कधी गाडीची वेळ, तर कधी ऊन ऐन वेळी ढगाआड गेल्याची हळहळ. काढणाऱ्याने तो क्षण कॅमेऱ्यात धरला, आणि तेवढ्यावर भरवसा नाही म्हणून मागे लिहूनही ठेवला.

पाठ कोरी निघाली तर? तरी कोणी तो फोटो खाली ठेवत नाही. उलट शेजारच्याला कोपराने ढोसून दाखवला जातो. बघता बघता टेबलाभोवती चार डोकी जमतात आणि बोलणं सुरू होतं.

एक जण इंजिनाच्या तोंडाकडे बोट दाखवतो. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा आहे, म्हणजे ही एक्सप्रेस. धुराड्याच्या पायथ्याशी एकच दिवा असता, तर ती गावोगाव थांबत जाणारी पॅसेंजर ठरली असती. राजघराण्याच्या गाडीला चार दिवे. अपघाताच्या जागी मदतीला धावणाऱ्या गाडीला एक्सप्रेससारखेच दोन, कारण रस्ता तिलाही मोकळाच हवा. समोरून कोणत्या दर्जाची गाडी येते आहे, हे सिग्नल केबिनमधल्या माणसाला लांबून कळावं म्हणून हे दिवे लावायचे. म्हणून तर भर दुपारच्या फोटोतही ते जागच्या जागी दिसतात. दक्षिणेकडच्या मार्गांवर मात्र दिवसा पांढऱ्या गोल चकत्या लावत, आणि त्या गाडीचा दर्जा न सांगता तिचा मार्ग सांगत. हे ज्याला ठाऊक आहे तो फोटोतल्या दोन पांढऱ्या ठिपक्यांवरून गाडी कुठे निघाली होती ते सांगतो. बाकीचे थोडा वेळ गप्प बसतात आणि मग हरकती काढतात.

दुसरा भिंग काढून इंजिनाच्या पुढच्या गोल दारावरची, तळाशी असलेली लंबगोल पाटी शोधतो. '३४ ए' दिसलं की इंजिन लंडनच्या किंग्ज क्रॉस शेडचं, '५ ए' म्हणजे क्रू नॉर्थचं, '८१ ए' म्हणजे ओल्ड ओक कॉमनचं. तिसऱ्याचं लक्ष कोळसा-पाण्याच्या टेंडरकडे असतं. त्यावरच्या अक्षरांत ब्रिटिश रेल्वेचा सगळा कारभार लिहिलेला आहे. १ जानेवारी १९२३ रोजी शंभराहून अधिक लहानमोठ्या कंपन्या मोडून चार मोठ्या कंपन्या झाल्या, आणि १ जानेवारी १९४८ रोजी त्या चारही सरकारच्या झाल्या. सरकारीकरणानंतर थोडाच काळ टेंडरवर 'ब्रिटिश रेल्वेज' अशी अख्खी अक्षरं रंगवली जात. मग चाकावर उभा असलेला सिंह आला. १९५६ पासून मुकुटातून वर येणारा, पंजात चाक धरलेला दुसरा सिंह. सिंह कोणता एवढं कळलं, तरी दहा वर्षांची शंका निम्म्यावर येते.

'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन या खेळातलं सगळ्यांचं लाडकं. १९२३ मध्ये डॉनकॅस्टरच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता. पुढच्याच वर्षी तो ४४७२ झाला. १९४६ मध्ये थोडे दिवस ५०२, मग १०३. सरकारीकरणानंतर पूर्वेकडच्या इंजिनांच्या क्रमांकांत ६०,००० मिळवले गेले आणि ते ६०१०३ झालं. १९५८-५९च्या हिवाळ्यात त्याला दुहेरी धुराडं बसलं. १९६१ मध्ये धूर वर ढकलण्यासाठी दोन्ही अंगांना पत्रे लागले. म्हणजे धुराडं एकेरी की दुहेरी आणि पत्रे आहेत की नाहीत, एवढं पाहिलं की वर्ष जवळपास हाती येतं. पण गंमत अशी की १९६३ मध्ये एका खाजगी मालकाने ते विकत घेऊन पुन्हा एकेरी धुराड्याचं, पुन्हा ४४७२ असं सजवलं. त्यामुळे क्रमांक पाहून 'हा युद्धाआधीचा फोटो' असं कोणी ठासून सांगितलं, की मागच्या रांगेतून प्रश्न येतो, 'फलाटावरच्या त्या पोरीचा स्कर्ट पाहिलात का?' स्कर्ट गुडघ्याच्या वीतभर वर. इंजिन १९३० सालचं भासतं, पोरगी १९६६ची आहे.

ग्रेट वेस्टर्न कंपनीची इंजिनं मात्र या क्रमांकबदलातून सुटली. त्यांचे क्रमांक पितळेच्या ओतीव पाट्यांवर होते आणि ते बदलायचे म्हणजे नव्या पाट्या ओतायच्या. सरकारने ते तसेच राहू दिले. त्या कंपनीचे चाहते ही गोष्ट आजही जरा मान ताठ करून सांगतात.

फोटो कृष्णधवल असला की वादाला आणखी एक वाट फुटते, ती रंगाची. जुन्या काचेच्या निगेटिव्हला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे मिडलँड कंपनीची गडद लाल इंजिनं फोटोत काळी येत, आणि स्कॉटलंडच्या कॅलेडोनियन कंपनीची निळी इंजिनं नको इतकी फिकट. कारखान्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. नवं इंजिन तयार झालं की फोटोपुरता त्याला राखाडी रंग देत, रेघा पांढऱ्या काढत, म्हणजे प्रत्येक रिव्हेट स्पष्ट उठून यावा. रंग पुष्कळदा कॅमेऱ्याकडच्या अंगालाच लागे. मग निगेटिव्हवर मागची शेड, भिंती, माणसं पुसून पांढरी करत आणि इंजिन एकटंच हवेत उभं राही. हे फोटो दस्तऐवज म्हणून अप्रतिम आहेत. तरी त्यांच्यासमोर फार वेळ कोणी रेंगाळत नाही. त्यात विचारायला काही उरलेलं नसतं.

रंगाच्या वादांचा शिरोमणी म्हणजे ब्राइटनचा विल्यम स्ट्राउडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन-ब्राइटन मार्गावरच्या इंजिनांना त्याने जो रंग दिला, त्याचं अधिकृत नाव 'सुधारित हिरवा' असं होतं. प्रत्यक्षात तो सोनेरीकडे झुकणारा पिवळा होता. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १८८२ सालचं 'ग्लॅडस्टन' इंजिन त्या रंगात उभं आहे आणि हिरव्याच्या शोधात आलेला माणूस त्याच्यापुढे गोंधळतो. कृष्णधवल फोटोवर आणि कागदोपत्री नावावर विसंबून कोणी या इंजिनाचं मॉडेल हिरवं रंगवून आणलं, तर त्याची कशी फिरकी घेतली जाईल, ते सांगायला नको.

पुढे रंगीत फिल्म आली तरी भानगड मिटली नाही. १९५०च्या दशकातली कोडाक्रोम अतिशय मंद होती. भरपूर ऊन असल्याशिवाय धावत्या गाडीचा फोटो तिच्यावर हललेलाच येई. फिल्म महागही होती. मग फोटो काढणारी पोरं ढगाळ दिवशी रंगीत कॅमेरा पिशवीतून काढतच नसत. त्याचा परिणाम असा, की त्या दशकाच्या रंगीत पारदर्शिका एकापाठोपाठ एक भिंतीवर पाहिल्या तर वाटतं, ब्रिटनमध्ये तेव्हा रोज लख्ख ऊन पडत असावं. पावसाळी सोमवार, धुकं, चिखल, ओल्या कोटांचा वास असलेला वेटिंग रूम, हे सगळं कृष्णधवल फोटोंच्या वाट्याला आलं.

हे फोटो काढणारे लोकही एका साच्यातले नव्हते. १९४२ मध्ये सदर्न रेल्वेच्या वॉटर्लू इथल्या कचेरीत काम करणाऱ्या इयन ॲलन या विशीतल्या तरुणाने इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिका छापली. लोक सारखी पत्रं पाठवून तीच तीच माहिती विचारत, त्याला कंटाळून. ती हातोहात खपली. युद्धानंतर फलाटाच्या टोकाला पुस्तिका, पेन्सिल आणि सँडविचचं पुडकं घेऊन बसलेल्या पोरांची एक पिढीच तयार झाली. दिसलेल्या क्रमांकाखाली रेघ मारायची, एवढाच खेळ. त्यातल्या काहींच्या हातात वडिलांचा पेटी-कॅमेरा आला.

आणि दुसऱ्या टोकाला होते एरिक ट्रेसी. लिव्हरपूलच्या एज हिल भागात ते धर्मगुरू होते. तिथे मोठं लोको शेड होतं. ड्रायव्हर-फायरमन ओळखीचे झाले आणि कॅमेरा हातात आला. पुढे ते १९६८ ते १९७६ या काळात वेकफिल्डचे बिशप झाले, पण रूळांकाठची त्यांची ये-जा थांबली नाही. मे १९७८ मध्ये वाफेच्या इंजिनाची एक खास गाडी पाहायला ते सेटल-कार्लाइल मार्गावरच्या ॲपलबी स्टेशनवर आले होते. तिथेच फलाटावर ते कोसळले आणि गेले. स्टेशनावर त्यांच्या नावाची पाटी आहे. त्यांचे सुमारे बारा हजार फोटो यॉर्कच्या संग्रहालयात आहेत.

ट्रेसींच्या पिढीची एक शिस्त होती. सूर्य पाठीशी, इंजिन तिरपं, समोरचा चेहरा आणि एक पूर्ण बाजू दिसेल असं, चाकं स्पष्ट, धूर भरपूर. हा भरपूर धूर फायरमनच्या लेखी नामुष्कीचा होता. काळा लोट म्हणजे न जळता गेलेला कोळसा, म्हणजे साहेबाची बोलणी. फोटोवाल्यांना मात्र तोच हवा असे. या शिस्तीत काढलेले हजारो फोटो देखणे आहेत, आणि बरेचसे एकमेकांसारखे आहेत. १९६५ मध्ये कॉलिन गिफर्डचं 'डिक्लाइन ऑफ स्टीम' हे पुस्तक आलं आणि ही शिस्त मोडली. त्यात इंजिन कधी एवढंसं, लांबवर, गिरण्यांच्या चिमण्या आणि चाळीवजा घरांच्या ओळींमध्ये जेमतेम सापडेल असं. कधी नुसताच धूर. कधी पुलाखालून जाणारी पावसातली माणसं, आणि गाडी वर कुठेतरी. इंजिनाचा क्रमांक दिसत नाही, ही जुन्या मंडळींना मोठीच गैरसोय वाटली असणार.

पण आज त्या जुन्या, शिस्तीतल्या फोटोंभोवतीही माणसं जमतात तेव्हा बोलणं फार वेळ इंजिनावर टिकत नाही. इंजिनाबद्दलचं सगळं छापून झालेलं आहे. कोणतं कधी बांधलं, कुठल्या शेडला होतं, कधी भंगारात गेलं, याच्या जाडजूड याद्या आहेत. नजर हळूहळू कडेला सरकते. फलाटावरच्या दुधाच्या कॅनांवर. भिंतीवरच्या चहा-साबणाच्या एनॅमलच्या जाहिरातींवर. वाळूच्या लाल बादल्यांच्या ओळीवर. त्या लाल होत्या हे अर्थात सांगणाऱ्यालाच माहीत, कारण फोटोत त्या काळ्या आहेत. आणि वेताच्या चपट्या पेट्यांच्या एका ढिगावर. या पेट्यांत काय असेल? कोणी म्हणतं मासळी, कोणी म्हणतं कपडे. मग एखादा म्हातारा माणूस सांगतो, कबुतरं. शर्यतीची कबुतरं पेट्यांत भरून दूरच्या स्टेशनवर पाठवत. तिथला पोर्टर ठरल्या वेळी झाकणं उघडून ती सोडून देई, वेळ चिठ्ठीवर लिही आणि रिकाम्या पेट्या परतीच्या गाडीत चढवी. रेल्वेच्या नोकरीत हेही काम होतं. कामगारवस्त्यांतल्या पुरुषांचा सगळा शनिवार त्या पोर्टरच्या घड्याळावर चाले. फोटो काढणाऱ्याला पेट्याही नको होत्या आणि पोर्टरही. दोघं चुकून चौकटीत आले, आणि आता लोक त्यांच्यासाठी थांबतात.

त्याही आधीच्या, काचेच्या निगेटिव्हच्या पहिल्या पिढीतल्या फोटोंत असं चुकून कोणी येत नसे. प्रकाश पडायला वेळ लागे. हललं की पुसलं. म्हणून धावती गाडी नाही, उभी गाडी, आणि तिच्यापुढे ओळीने उभं केलेलं सगळं स्टेशन. मधोमध स्टेशनमास्तर, खिशातून घड्याळाची साखळी काढलेली. दोन्हीकडे कारकून, सिग्नलवाला, पोर्टर, कडेला एक पोरगा. कुत्रं असलं तर त्याला दोन डोकी, कारण त्याला कोणी 'हलू नको' म्हणून समजावलेलं नसतं. या फोटोंत सगळ्यांनी उत्तम कपडे घातलेले असतात आणि कोणीच हसत नाही. नोकरी हा गंभीर प्रकार होता, फोटो त्याहून.

लेस्टरच्या एस. डब्ल्यू. ए. न्यूटन या फोटोग्राफरने मात्र पाठमोऱ्या, घामेजलेल्या, ओळीत उभं राहायला वेळ नसलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवला. १८९०च्या दशकात ग्रेट सेंट्रल रेल्वे नॉटिंगहॅमच्या बाजूने लंडनपर्यंत नवा मार्ग बांधत होती. न्यूटनने ते काम वर्षानुवर्षं टिपलं. डोंगर फोडणारे मजूर, वाफेवर चालणारी खोदणारी यंत्रं, अर्धवट कमानींचे पूल, मजुरांच्या लाकडी झोपड्या, झोपडीच्या दारात उभ्या बायका आणि पोरं. हे मजूर काम संपलं की पुढच्या कामाला निघून जात. त्यांची नावं कंपनीच्या इतिहासात कुठे येणार? १५ मार्च १८९९ रोजी या मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. १९६० च्या दशकात त्याचा बराचसा भाग बंद झाला. म्हणजे मार्ग बांधताना ज्यांनी पाहिला त्यांच्या नातवंडांनी तो उखडताना पाहिला. नॉटिंगहॅमच्या भव्य व्हिक्टोरिया स्टेशनचा फक्त घड्याळाचा मनोरा शिल्लक आहे, एका खरेदी-संकुलाच्या तोंडाशी. मार्ग गेला, आणि तो बांधणाऱ्यांचे चेहरे काचेच्या निगेटिव्हवर राहिले.

कधी कधी फोटोंना साक्षही द्यावी लागते. २८ डिसेंबर १८७९, रविवारची रात्र, वादळ. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल मधोमध कोसळला आणि त्यावरची गाडी माणसांसह नदीत गेली. कोणीही वाचलं नाही. चौकशी समितीसाठी डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीने पडलेल्या खांबांचे, तुटलेल्या बिडाच्या तुकड्यांचे जवळून फोटो काढले. ते फोटो जपले गेले. सव्वाशे वर्षांनी पीटर लुइस या अभियंत्याने त्यांच्या मोठ्या प्रतिमा करून तुटलेला एकेक सांधा तपासला आणि पूल कसा पडला असेल याची पुन्हा उलटतपासणी केली. मूळ फोटोग्राफरने भिजल्या थंडीत तिपाई रोवून जे टिपलं, त्यातलं पुष्कळसं त्याच्या काळात कोणाला नीट दिसलंही नव्हतं. त्या गाडीचं इंजिन मात्र नदीतून वर काढून, दुरुस्त करून पुन्हा कामाला जुंपलं गेलं. रेल्वेवाल्यांनी त्याला नाव ठेवलं, 'पाणबुड्या'.

काही फोटो नसल्यामुळे लक्षात राहतात. युद्धाच्या काळात रूळांकाठी कॅमेरा घेऊन उभं राहणं म्हणजे पोलिसांना बोलावणं. परवाना लागे, फिल्म मिळत नसे. १९४० मध्ये शत्रू उतरला तर त्याला गाव कळू नये म्हणून स्टेशनांच्या नावाच्या पाट्या काढून टाकल्या होत्या. त्यामुळे त्या वर्षांतला जो थोडका फोटो हाती लागतो, त्यात स्टेशनला नाव नसतं. फलाटावर पोर्टरच्या टोप्या घालून ट्रंका उचलणाऱ्या बायका दिसतात. पुरुष लढाईवर गेलेले. असा फोटो कुठला हे ठरवायला मंडळी पुलाच्या कठड्याची जाळी, छताच्या लाकडी झालरीची नक्षी, मागच्या टेकडीची रेघ असं काय काय ताडून पाहतात. त्यात एखादीला तिची आजी सापडते. मग इंजिनाचा क्रमांक कोणालाच आठवत नाही.

मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. दोन हजारांहून अधिक स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करावेत असं त्यात होतं. त्याच सुमारास वाफेची इंजिनं झपाट्याने मोडीत निघत होती. ज्याला परवडेल त्याने कॅमेरा घेतला. शेवटच्या दोन-तीन वर्षांतली इंजिनं मळकी, गंजलेली, क्रमांकाच्या पाट्या उपटलेली, त्या जागी कोणीतरी रंगाने ओबडधोबड आकडे काढलेले. आणि मधूनच एखादं इंजिन आरशासारखं चकचकीत. आजचा पाहणारा म्हणेल, या शेडमध्ये अजून कामाची शिस्त होती. तसं काही नव्हतं. फोटो चांगला यावा म्हणून काही तरुण रात्री गुपचूप शेडमध्ये शिरत, चिंध्या आणि तेल घेऊन उद्याचं इंजिन पुसून ठेवत, आणि सकाळी वीस मैलांवरच्या चढावर कॅमेरा लावून त्याची वाट पाहत. असा फोटो खोटा म्हणायचा का? इंजिन तेच, गाडी तीच, ऊन तेच. यावर अजून एकमत नाही. ११ ऑगस्ट १९६८ रोजी वाफेच्या युगाला निरोप देणारी खास गाडी लिव्हरपूलहून निघून कार्लाइलला जाऊन परत आली, तिकीट पंधरा गिनी. त्या दिवशी मार्गाच्या दोन्ही बाजूंना इतके लोक होते, की प्रत्येकाच्या फोटोत दुसऱ्याचा कॅमेरा आला आहे.

या सगळ्या पसाऱ्यात स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड खोऱ्याचे थोडेसे फोटो आहेत. मराठी माणसाने ते पाहिले तर तो दचकेल. हिरवा, भिजका इंग्रज डोंगर, गाई, दगडी कुंपणं. आणि त्यातून येणारं इंजिन मात्र आपल्याकडचं. उन्हासाठी पुढे-मागे वाढवलेलं छप्पर, कपाळावर मोठाच्या मोठा दिवा, मागे सज्जे असलेले प्रशस्त डबे. हे योगायोगाने झालेलं नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आधी बार्शी लाइट रेल्वे उभी केली होती. अडीच फुटांचा रूळ, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, असं त्याचं गणित. बार्शीसाठीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात बांधली, आणि तिथून जवळच्या न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून सगळं सामान लोकांना दाखवलं. १८९७ मध्ये कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीला गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी खचाखच भरून धावू लागली. मॅनिफोल्डची रेल्वे जून १९०४ मध्ये सुरू झाली, तीही अडीच फुटी, तिची दोन्ही इंजिनंही किटसनचीच. त्यातल्या एकाला नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप' दिलं होतं. सोलापूर जिल्ह्यात पक्कं झालेलं गणित इंग्लंडच्या खेड्यात गेलं, आणि जाताना उन्हाचं छप्परही सोबत घेऊन गेलं.

खोरं बार्शीच्या मानाने फारच ओसाड निघालं. दुधाशिवाय फारसा माल नाही, सुट्टीच्या दिवसांखेरीज फारसे प्रवासी नाहीत. मार्च १९३४ मध्ये ही रेल्वे बंद पडली. दोन्ही इंजिनं मोडीत गेली. रूळ काढले, आणि १९३७ मध्ये त्या जागेवर चालण्याची वाट झाली. आज लोक त्या वाटेवर जुने फोटो हातात घेऊन फिरतात आणि तोच कोन पुन्हा पकडू पाहतात. ते फार अवघड जातं. वाफेच्या काळात ठिणगीने आग लागू नये म्हणून मार्गाकडेची झुडपं-गवत सतत कापत. आता झाडं माजली आहेत. जुन्या फोटोत सगळं खोरं उघडं दिसतं आणि आता त्याच जागेवरून हातभर अंतरावरची पानं. मग डोंगराची वरची कड तेवढी फोटोशी जुळवायची, चार पावलं मागे सरायचं, दोन डावीकडे.

त्या वाटेवरही वाद आहेतच. मुख्य वाद कपाळावरच्या दिव्याचा. तो तिथे कधी पेटवलाच नाही असं सांगतात. एवढ्या छोट्या मार्गाला, ओळखीच्या वळणांवर, हवा कशाला? दुसरे म्हणतात, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा लावत असतीलच. फोटोंत शोधून उपयोग नाही. ते सगळे दिवसाचे आहेत, उन्हातले, सूर्य पाठीशी घेऊन काढलेले. त्या दिव्याच्या उजेडात पुढचे रूळ किती लांबपर्यंत दिसायचे, हे सांगणारी माणसं असलीच, तर ती स्टॅफर्डशरमध्ये असण्यापेक्षा कुर्डुवाडीकडे असण्याची शक्यता जास्त. तिथल्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी केलेल्या एखाद्याच्या घरात ट्रंकेच्या तळाशी रात्रपाळीचा एखादा फोटो असेलही. तो बाहेर निघाला तर पाठ वाचायला विसरू नये, आणि ती कोरी असली तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं, इंजिनाशेजारी डोक्याला मुंडासं बांधून उभा आहे तो कोण.